शेवटच्या रांगेतून दिसलं पाहिजे : खेड्यात राहून ठसे कोरण्याबद्दल

मोहफूल | १२ जानेवारी, रात्री ९:४०

मागच्या महिन्यात एका धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की मी लिनोकट (लिनोलियमवर ठसा कोरून काढलेले छाप) करते आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या खेड्यात राहते. त्यानंतर बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. सामान कुठून आणता, शिकवलं कोणी, घेतं कोण, असे प्रश्न. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथं एकदाच सविस्तर लिहिते.

आमचं घर वैनगंगेपासून चार किलोमीटरवर. अडीच एकर धान, सहा बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षा दिल्या, पुढे बी.ए. केलं, चित्रकला महाविद्यालयात गेले नाही. गेली अकरा वर्षं लिनोलियमवर आणि लाकडावर ठसे कोरते, कागदावर छापते. घर धानावर चालतं. छापांचे पैसे येतात, त्यातून कागद, शाई आणि मुलीची फी निघते.

मला शिकवलं दोघांनी. पहिले आईचे वडील, आमचे आबाजी. ते सुतार. वर्षभर वखर आणि बंडीची चाकं, आणि पोळा जवळ आला की तान्ह्या पोळ्याचे नंदी. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचा बैल घेऊन घरोघरी जातात आणि त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. तो तान्हा पोळा.) सुट्टीत मी मामाच्या घरी असायचे आणि आबाजींच्या समोर बसून राहायचे. नंदीचं वशिंड करताना ते पटाशी दोनदा लावत नसत. एका दाबात लाकडाची चकती सुटून खाली पडायची आणि तिथं वशिंड उभं असायचं. म्हणायचे, "लाकूड जिकडं जातो म्हणते तिकडं जाऊ द्याचं. खांदा मात्र आपण ठरवाचा." त्यांची अर्ध्या इंचाची गोल पटाशी आज माझ्याकडे आहे. मूठ दोनदा बदलली, पातं तेच.

दुसरे काकाजी, बाबांचे धाकटे भाऊ. ते झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, ही झाडीपट्टी. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की इथं नाटकांचा हंगाम लागतो आणि होळीच्या आसपासपर्यंत चालतो. शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) असेल त्या गावात रात्री नाटक ठरलेलंच. रात्री दहाच्या पुढे पडदा वर जातो आणि घरी येईपर्यंत कोंबडा आरवतो. वडसा म्हणजे देसाईगंज हे या सगळ्याचं ठाणं, कंपन्यांची ऑफिसं तिथं ओळीनं आहेत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात फटाके वाजले होते. या रंगभूमीची दखल दिल्लीपर्यंत गेली याचा आनंद सगळ्यांना घरचा वाटला.

काकाजी मांजरपाटावर खडूची पूड आणि सरस यांचा हात द्यायचे. वाळलं की त्यावर महाल, जंगल, रस्ता, झोपडी. मी आठवीत असताना त्यांच्या हाताखाली जंगलाच्या पडद्यावर पानं काढत होते. एकेक पान, शिरांसकट, तासभर. काकाजींनी बघितलं, काही बोलले नाहीत. माझा हात धरून मैदानाच्या टोकापर्यंत नेलं आणि विचारलं, "इथून तुझं पान दिसते का?" दिसत नव्हतं. दिसत होता एक हिरवा डाग. मग म्हणाले, "शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसानंबी तिकीट काढलं आहे."

मी आज जे काही करते ते त्या वाक्यातून आलं आहे. काळं कुठं आणि पांढरं कुठं, एवढंच आधी ठरवायचं आणि ते लांबून कळलं पाहिजे. लिनोकट नावाची गोष्ट मला खूप नंतर भेटली, पण भेटली तेव्हा हे आपल्याला येतं असं वाटलं. आबाजींची पटाशी आणि काकाजींचं लांबून बघणं, दोन्ही त्यात होतं.

कामाच्या पद्धतीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते. मुलगी झोपेला आली आहे.

---

रेघ | १२ जानेवारी, रात्री १०:१५

मोहफूलताई, वाचून थांबले. मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. पानाची गोष्ट उद्या सहावीच्या वर्गात सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

एक विचारायचं होतं. लिनोकटकडे कशा वळलात? गावात ते बघायला मिळण्याची शक्यता कमी.

---

वैनगंगाकाठ | १२ जानेवारी, रात्री ११:०२

ताई, मी वडशाचा. तुमच्या काकाजींच्या हातचा महालाचा पडदा मी बहुतेक बघितला असेल, नाव माहीत नसताना. त्या वेळच्या पडद्यांवर चित्रकाराचं नाव खाली कोपऱ्यात बारीक असायचं आणि पडदा गुंडाळताना तोच कोपरा आधी फाटायचा.

---

मोहफूल | १३ जानेवारी, दुपारी २:१०

रेघताई, खुशाल सांगा.

लिनोकट पहिल्यांदा बघितलं ते सेवाग्रामला, कॉलेजच्या सहलीत. एका पुस्तकात नंदलाल बोस यांचं गांधीजींचं चित्र होतं. १९३०, दांडीयात्रेच्या वेळचं. काळ्या जागेत पांढऱ्या रेघा, काठी घेऊन निघालेला माणूस. मी पुस्तक उघडं ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. काकाजींची सवय. तिथूनही तो माणूस चालत होता. खाली लिनोकट असं लिहिलेलं, तो शब्द वहीत उतरवून घेतला. पुढे नागपूरला चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात विचारलं, त्यांनी तपकिरी रंगाचा वीतभर तुकडा दिला.

आणि आता ज्याच्यामुळे मी या कामात अडकले ते सांगते. तुकडा घरी आणला, कोरताना कडक जात होता म्हणून उन्हात ठेवला. ऊन लागलं आणि वास आला. ओळखीचा वास, पण लागेना कुठला. सासूबाई अंगणात धान पाखडत होत्या, त्या म्हणाल्या, "जवस काढलं का कोणी?"

खरंच जवस होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल हवेनं घट्ट करून त्यात बाटलीच्या बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, भुसा आणि राळ मिसळून तागाच्या कापडावर लाटलेला थर. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसानं १८६०च्या दशकात ते शोधलं. जुन्या रंगाच्या डब्यावर तेलाची रबरासारखी साय धरलेली त्यानं बघितली आणि तिथून त्याला सुचलं. ते जमिनीवर अंथरायला होतं, चित्रकारांनी नंतर कोरायला घेतलं. छपाईच्या शाईतही उकळलेलं जवसाचंच तेल असतं.

आमच्याकडे जवस उतेऱ्यात पेरतात. धान कापायच्या आधी बांधीत ओल असतानाच लाखोळी (लाखेची डाळ) आणि जवस फेकून द्यायचं. नांगरणी नाही, काही नाही. धान निघालं की खालून ते वर येतं. डिसेंबर-जानेवारीत निळी फुलं येतात, सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत गळतात. लहानपणापासून जवसाची चटणी खाल्लेली. ज्यावर कोरायचं आणि ज्यानं छापायचं ते दोन्ही आपल्या बांधीतल्या पिकातून निघतं हे कळलं त्या दिवशी मला परकं वाटायचं बंद झालं. त्याआधी मनात होतं की हे शहरातल्या लोकांचं काम आहे, आपण उसनं करतो आहोत.

---

निळी_शाई | १३ जानेवारी, दुपारी ४:३०

जवसाचं माहीतच नव्हतं! माझं आजोळ आरमोरीकडचं, उतेऱ्याची लाखोळी चांगली आठवते.

भारतात या माध्यमात खेड्याचं जगणं उतरवणारे मोठे लोक होऊन गेले, मुख्यतः बंगालचे. हरेन दास यांची लाकडावरची कामं बघा, शेत, बैल, पाणी, सगळं इतकं बारीक की बघताना श्वास धरावा लागतो. चित्तप्रसाद तर मुंबईत अंधेरीला वर्षानुवर्षं राहून लिनोकट करत होते. मोहफूल, तुमच्या आणि हरेन दासांच्या कामात फरक आहे, ते जवळून बघायचं काम आणि तुमचं लांबून. पण मला वाटतं दोन्हीची मुळं एकाच प्रकारच्या चिखलात आहेत.

---

अकोलेकर | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

ताई, आमच्या इकडं वऱ्हाडात कापूस अन् सोयाबीन, धानाचं आमाले काही समजत नाही. पण तान्ह्या पोळ्याचा नंदी वाचला अन् माह्या आज्याची आठवण आली. त्यानं केलेला बैल अजून आलमारीवर आहे, एक शिंग गेलं.

प्रश्न असा की कामाले बसता कधी? शेती, घर, लेकरू. मी कविता लिहितो, दुकान सांभाळून. मले तर आठ-आठ दिवस वही उघडता येत नाही अन् मंग जे मनात होतं ते निघून जाते.

---

मोहफूल | १४ जानेवारी, पहाटे ५:५०

अकोलेकर भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात खरा. संक्रांतीचा दिवस आहे, चूल पेटायच्या आत लिहिते.

सुरुवातीची चार वर्षं मी रोज काम करायचा हट्ट धरला होता. रात्री अकराला बसायचे, दिवे जायचे, चिडायचे. आता मी वर्ष वाटून घेतलं आहे आणि ते वाटप माझं नाही, धानाचं आहे.

जून ते ऑगस्ट मी कोरत नाही. पऱ्हे (धानाची रोपं) टाकणं, चिखलणी, रोवणी (लावणी). तेव्हा फक्त बघते आणि वहीत काढते. वही म्हणजे मुलीची मागच्या वर्षीची अर्धी राहिलेली. रोवणीत हात चिखलात असतात, काढता येत नाही, म्हणून एक गोष्ट ठरवून लक्षात ठेवायची. एका दिवशी एकच. समजा आज बायांचे वाकलेले पाय बघायचे, पोटऱ्यांपर्यंत पाणी, आणि पाण्यात उलटी दिसणारी लुगड्याची कड. संध्याकाळी घरी आल्यावर तेवढंच काढायचं. दुसऱ्या दिवशी पऱ्ह्याची जुडी कशी फेकतात ते. जुडी हातातून सुटताना हाताची बोटं उघडी राहतात, अगदी क्षणभर. हे मला तीन पावसाळे दिसलंच नव्हतं, रोज समोर असून.

सप्टेंबर-ऑक्टोबरात धान पोटरीत असतं, शेतात काम कमी. तेव्हा वहीतलं लिनोवर उतरवायचं. कार्बन ठेवून, उलटं करून. ठशात सगळं उलटं कोरावं लागतं. लिनोवर आधी गेरूचा पातळ हात देते, म्हणजे कोरलेला भाग वेगळा दिसतो. गेरू नसेल तर मधेच कळत नाही कुठं खोदलं आणि कुठं नाही.

मग कापणी, बांधणी, पुंजणे, चुरणं. पुन्हा महिनाभर बंद.

डिसेंबर ते फेब्रुवारी खरं काम. हवा कोरडी, उजेड स्वच्छ. सकाळी लिनो उन्हात ठेवायचा, चहा होईपर्यंत तो पटाशीला मऊ होतो. लोण्यातून सुरी जावी तसं जातं, पण अर्धा तासच, मग पुन्हा ठेवायचा. मेमध्ये उलट. आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा लिनो इतका नरम पडतो की बारीक रेघेची कडच दबून जाते. तेव्हा लाकूड घेते. मार्चमध्ये पहाटे मोह वेचायला जातो, ते तास कोणालाच देत नाही, चित्रालाही नाही.

तर भाऊ, वही आठ दिवस बंद राहते याचं वाईट वाटून घेऊ नका. मनातलं निघून जाते म्हणता, माझा अनुभव असा की जे जातं ते जाऊ द्यावं. तीन पावसाळ्यांनी जे परत येतं ते काम करण्यासारखं असतं.

---

सांजवात | १४ जानेवारी, सकाळी ११:००

तिळगूळ घ्या सगळे. ताई, प्रेस आहे का तुमच्याकडे? छापता कसं?

---

तणस | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

मी गोंदियाकडचा, डिजिटल काम करतो, नाटकांचे फ्लेक्सही करतो. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

पडदे रंगवणारे गेले आणि फ्लेक्स आला याबद्दल लोक फार हळहळतात. पण मंडळाच्या बाजूनं बघा. नाटक आणायचं म्हणजे गावाची वर्गणी, पेंडॉल, लाइट, कंपनीचे पैसे. मांजरपाटाचा पडदा पावसात एकदा भिजला की सरस सुटून रंग वाहून जायचा. फ्लेक्स गुंडाळला, टेम्पोत टाकला, झालं. मी स्वतः पडद्याकरता जंगल काढतो ते कॉम्प्युटरवर का असेना, हातानंच काढतो. मलापण कलाकारच समजा.

---

वैनगंगाकाठ | १४ जानेवारी, दुपारी १:१५

तणस भाऊ, पटलं अर्धं. पण फ्लेक्सवर दिवा पडला की चमकते आणि महालाच्या जागी पांढरा पट्टा दिसते. नट समोर उभा असला की त्याच्या डोक्यामागं आरसा. मांजरपाट उजेड पिऊन घ्यायचा.

---

मोहफूल | १४ जानेवारी, रात्री ८:३०

तणस भाऊ, राग कशाचा. तुम्ही जंगल स्वतः काढता हे वाचून आनंद झाला. काकाजींचं काम थांबलं तेव्हा घरात दुःख झालं, हे खरं आहे. पण त्यांनी फ्लेक्सवाल्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. त्यांचं एक म्हणणं तुमच्या कामाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. ते रंग रात्रीच ठरवायचे, दिवसा नाही. पिवळ्या दिव्याखाली पिवळा रंग पांढऱ्यात विरून जातो आणि गडद निळा काळा होतो. गॅसबत्तीच्या काळापासूनचा त्यांचा हा हिशोब होता, म्हणून कंदील शेजारी ठेवून रंग कालवायचे. आता तुमचे एलईडी पांढरे, निळसर. मग त्यांच्याखाली लाल आणि भगवा कसा दिसतो ते एकदा तपासून बघा. चमक नको असेल तर मॅट कापड मिळतं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

सांजवात, पहिली सहा वर्षं प्रेस नव्हती. ठशावर शाई लावायची, कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचं. घासायला सासूबाईंचा लाकडी चाटू, भाजी ढवळून ढवळून गुळगुळीत झालेला. त्याला तोड नाही. एका छापाला पंधरा ते वीस मिनिटं लागतात आणि दहा छाप झाले की खांदा भरून येतो. पण हातानं घासताना कुठं दाब कमी द्यायचा ते आपल्या हातात असतं. धुकं हवं तिथं हात हलका. लहान ठसे मी आजही चाटूनंच काढते.

पाच वर्षांपूर्वी एक छापखाना बंद झाला. लग्नपत्रिका आणि नाटकांची हँडबिलं छापायचे, खिळे जुळवून. त्यांचं लोखंडी प्रूफ मशीन भंगारात जाणार होतं. भंगाराच्या भावापेक्षा दोन हजार जास्त देऊन आणलं. ट्रॅक्टरमधून उतरवायला सहा माणसं लागली. ज्या मशीनवर काकाजींच्या नाटकाची हँडबिलं तपासली गेली असतील त्यावर मी रोवणीच्या बाया छापते.

---

रेघ | १५ जानेवारी, सकाळी ९:२०

फसलेल्या कामाबद्दल लिहाल का? मुलांना तेच सांगायची जास्त गरज असते. आणि रंगीत छाप करता का?

---

मोहफूल | १५ जानेवारी, रात्री १०:०५

सांगते. सगळ्यात मोठं फसलं ते 'रोवणी'च. चार वर्षांपूर्वी.

रंगीत काम मी एकाच ठशातून करते. आधी सगळ्यात फिका रंग सगळ्या कागदांवर छापायचा. मग जिथं तो फिका ठेवायचा तेवढा भाग कोरून काढायचा आणि त्याच ठशानं दुसरा रंग वर छापायचा. मग पुन्हा कोरायचं, तिसरा. प्रत्येक पायरीला ठसा कमी होत जातो, शेवटी हातात जाळीसारखा तुकडा उरतो. म्हणजे पंचवीस छाप करायचे तर पहिल्या दिवशीच पंचवीस कागद लावावे लागतात. नंतर एकही वाढवता येत नाही आणि चुकलं तर मागची पायरी नाहीच, ती कोरून गेलेली असते.

त्या वर्षी मला घाई झाली. एका प्रदर्शनाची तारीख होती. मी श्रावणात छापायला बसले. पिवळा झाला, हिरवा झाला. तिसरा रंग गडद तपकिरी, चिखलाचा. त्याच आठवड्यात झड लागली, पाच दिवस सूर्य नाही. हातकागद ओल धरतो आणि फुगतो. डोळ्याला कळत नाही, पण फूटभर कागद दोन-तीन मिलिमीटर वाढतो. तिसरा रंग बसवला तर बायांचे हात खांद्यापासून बाजूला. अकरा बाया, बावीस हात, सगळे सुटलेले. पंचवीसपैकी अठरा गेले. शाई वाळेना, दोन कागद एकमेकांना चिकटले, काहींना बुरशी.

रडू आलं. ते अठरा मी जाळायला निघाले होते. काकाजींनी एक घेतला, भिंतीला लावला आणि फाटकापर्यंत मागे गेले. म्हणाले, "पाऊस पडून राह्यला आहे याच्यात." खरंच, सरकलेल्या हातांमुळे सगळं चित्र पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. तो एक ठेवला आहे. पण त्याला मी चांगलं काम म्हणत नाही, ते मी केलेलं नव्हतं, ओलीनं केलं होतं. मुलांना हेही सांगा. चूक सुंदर दिसली तरी ती कशी झाली ते समजून घ्यायचं आणि पुढच्या वेळी स्वतः करता आलं पाहिजे. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम एक हात दीड मिलिमीटर सरकवून छापला. तो माझा.

तेव्हापासून रंगीत काम फक्त कोरड्या दिवसांत.

---

पळसपान | १६ जानेवारी, दुपारी ३:४५

नैसर्गिक रंग वापरता का? तुमच्याकडे पळस भरपूर. लोकांना आजकाल तेच हवं असतं, किंमतही जास्त मिळते.

---

मोहफूल | १६ जानेवारी, रात्री ९:१५

करून बघितलं. पळसाची फुलं उकळून काढलेला पिवळा-केशरी रंग पहिल्या दिवशी इतका देखणा दिसतो की आपण हुरळून जातो. भिंतीवर उजेडात लावला, वर्षाच्या आत विटून गेला. होळीच्या रंगाला तो योग्य. जो माणूस पैसे देऊन चित्र घरी नेतो त्याला मी विटणारा रंग देऊ शकत नाही.

टिकतात ते मातीचे. गेरू, काव, पिवळी माती, यात लोहाचं ऑक्साइड असतं आणि ते उन्हाला दाद देत नाही. बारीक वाटून, कापडातून गाळून, जवसाच्या घट्ट तेलात घोटले की छापायला येतात. माझा तपकिरी आमच्याच बांधाच्या कडेच्या मुरमाचा आहे. हिरड्याचं पाणी आणि गंजलं लोखंड यांची काळी शाईही होते, लिहायला छान, पण ठशावर पाण्यासारखी पळते. काळी मी दुकानातलीच घेते आणि तसं सांगते.

---

निळी_शाई | १६ जानेवारी, रात्री १०:३०

विक्रीबद्दल लिहिलं नाहीत. गॅलरीतून?

---

मोहफूल | १७ जानेवारी, दुपारी १:३०

गॅलरीचा अनुभव एकदाच घेतला. एका शहरात नऊ छाप ठेवले होते. चौदा महिने काही कळवलं नाही, शेवटी स्वतः आणायला गेले तर जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवलेले, चारांना ओल लागलेली. कागदावर काही लिहून घेतलं नव्हतं ही माझी चूक. आता कुठंही काम देताना किती छाप, किती दिवस, खराब झालं तर कोणाकडे, हे दोन्ही बाजूंच्या सहीनं घेते.

बाकी विक्री दोन ठिकाणी. फोटो टाकते, लोक विचारतात, नळीत घालून पोस्टानं पाठवते. ते तीन हजारांना, क्रमांक घातलेले, पंचवीसच्या वर नाही, खाली पेन्सिलनं ७/२५ असं लिहिलेलं. आणि दुसरी जागा मंडई. भाऊबीजेनंतर आसपासच्या गावांच्या मंडयांत मी चादर अंथरून बसते, तळहाताएवढे ठसे शंभर रुपयांना. नंदी, पटाचे बैल, टोपली घेतलेली बाई.

---

तणस | १७ जानेवारी, दुपारी २:२०

एक शंका. शहरातल्याला तीन हजार आणि मंडईत शंभर, यात शहरातला माणूस फसल्यासारखा नाही का?

---

मोहफूल | १७ जानेवारी, रात्री ८:५०

ठसेच वेगळे आहेत. मंडईचे ठसे फक्त मंडईसाठी कोरते, क्रमांक घालत नाही, ठसा झिजेपर्यंत छापते. मोठ्या कामातला ठसा तिथं नेत नाही.

पण मंडईवर माझा जीव आहे, तो पैशाकरता नाही. न्यायालयाच्या बंदीमुळे २०१४ पासून शंकरपट थांबले होते, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. त्यानंतरच्या हंगामात मी पटाच्या जोडीचा छाप नेला. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, उजवा बैल मागं पडून राह्यला आहे, त्याचा कान असा राहत नाही." पळताना कान मागे दाबलेले असतात. माझे उभे होते. त्यांनी शंभर रुपये दिले, छाप घेतला आणि पुढच्या वर्षी कान दुरुस्त करून आणायला सांगितलं. कोणत्या प्रदर्शनात मला एवढं बारीक बघणारा माणूस मिळाला असता? कान दुरुस्त केला. ते पुढच्या वर्षी आले आणि दुसराही घेऊन गेले.

---

सांजवात | १८ जानेवारी, सकाळी १०:१०

तुमचा एक बैलाचा फोटो मी एका कापडी पिशवीवर बघितल्यासारखा वाटतो, ऑनलाइन. तुम्ही परवानगी दिली होती का?

---

निळी_शाई | १८ जानेवारी, सकाळी ११:३०

दिली नसेल तर सोडू नका. १९५७च्या कायद्यानुसार चित्र तयार झालं की हक्क आपोआप चित्रकाराचा, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर अधिक साठ वर्षं राहतो. मूळ ठसा आणि तारखा घातलेल्या वह्या तुमच्याकडे आहेत, याहून चांगला पुरावा नाही. आधी लेखी कळवा, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

---

मोहफूल | १८ जानेवारी, रात्री ९:००

परवानगी दिली नव्हती. आज बघितलं, माझाच आहे, जुना, उभ्या कानांचा. स्क्रीनशॉट काढले, उद्या पत्र पाठवते. निळी_शाई, मसुदा एकदा बघाल का? व्यनि करते.

---

अकोलेकर | २० जानेवारी, दुपारी ४:००

ताई, तुमचं ते 'तीन पावसाळ्यांनी जे परत येते' वाचून मी वही उघडली. जुनीच कविता होती, चार वर्षांची. दोन ओळी काढून टाकल्या. बाकी राहू देल्या.

एक शेवटचं. प्रेरणा म्हणतात ते काय, कुठं जाता त्याच्यासाठी?

---

मोहफूल | २० जानेवारी, रात्री ९:४५

भाऊ, दोन ओळी काढल्या म्हणजे कोरीवकामच केलंत.

जायचं म्हणाल तर मार्कंड्याला जाते. चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठावर. महाशिवरात्रीला जत्रेत सगळे जातात, मी गर्दी नसताना जाते. देवळाच्या भिंतींवर बाहेरून ओळीनं मूर्ती आहेत. सकाळी नऊच्या उन्हात त्यांच्या भुवया आणि दागिने दिसतात, दुपारी बाराला सगळं सपाट होतं, चारनंतर फक्त खोल सावल्या उरतात आणि शरीराचा डौल दिसतो. कोरणाऱ्यानं तिन्ही वेळा मनात धरून किती खोल जायचं ते ठरवलं असणार. मी तिथं चित्र काढत नाही. एका मूर्तीसमोर सकाळपासून चारपर्यंत बसते, डबा खाते, येते.

आणि दुसरी जागा घरामागचा मामा (माजी मालगुजारी) तलाव. मालगुजारीच्या काळातला, आता गाळानं अर्धा भरला आहे. हिवाळ्यात सकाळी पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं असतं, मधे फक्त पाळीची, म्हणजे तलावाच्या बांधाची, काळी रेघ. एवढं कमी वापरून पूर्ण चित्र होतं हे तिथं रोज दिसतं. पाच वर्षांत त्याचा एकही ठसा मला जमलेला नाही. दर हिवाळ्यात एक कोरते.

यंदाचाही कोरून झाला, आज पहिला छाप काढला. पाळीवरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली आहे, बाकी सगळं कोरं. वाळायला अंगणात दोरीला लावला. काकाजी आता नव्वदीला टेकले आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, फाटकाशी खाटेवर बसलेले असतात. तिथून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाई येऊन राह्यली का जाऊन राह्यली?"

मला माहीत होतं, ती जाते आहे. त्यांना दिसलं नाही. पाऊल आणि भाऱ्याचा झोक, यात कुठं तरी राहिलं आहे. उद्या सकाळी लिनो उन्हात ठेवते आणि टाचेपासून पुन्हा बघते.